उजव्या हाताला हळद लागत नव्हती

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले, तोंडी लावायला. वाचून झालं की त्यातल्या चुका काढून नवऱ्याला ऐकवायच्या, हा आमच्या घरचा करमणुकीचा कार्यक्रम. मी हिंगोलीत एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. नजर, करणी, भानामती यांच्याशी माझं कधीच जमलं नाही. स्कूटीसुद्धा मुद्दाम अमावस्येला घेतली, सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या. तेव्हा आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं मलाच हसू येतंय. पण जे झालं ते भर उजेडात झालं, माझ्यासमोर झालं, आणि त्यातलं बरंचसं मी स्वतः तपासून पाहिलं आहे... म्हणून लिहिते.

गोष्ट माझ्या धाकट्या मावशीची, इंदूमावशीची. तिचं सासर पुसेगाव, हिंगोलीजवळचंच. घरची शेती, त्यात मुख्य पीक हळद. मार्च-एप्रिलात आमच्याकडे हळद शिजवतात, वाळवतात, घासून साफ करतात, आणि त्या दिवसांत ज्या घरात जावं तिथं माणसांचे हात, चहाचे कप, दाराच्या कड्या, सगळं पिवळं असतं. गेल्या वर्षी मार्चच्या शेवटी मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. तिच्या एकुलत्या एक लेकीचं, पल्लवीचं, लग्न मे महिन्यात होतं आणि मानपानाच्या साड्यांची यादी करायची होती.

मावशी आधी कशी होती ते सांगायला हवं. लग्नात उखाणा घ्यायला उभी राहिली की पुरुषसुद्धा मांडवातून आत येऊन ऐकायचे, अशी बाई. हसणं तर चार घरं पलीकडे ऐकू जायचं. पण गेल्या दहा-अकरा वर्षांत ती हळूहळू आक्रसत गेली. खुर्ची रिकामी असली तरी उंबऱ्याशी खाली बसणार. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणार. नवी साडी नेसायला सांगितली तर "मला कुठं शोभती" म्हणून जावेला देऊन टाकणार. घरात नैवेद्य करायचा तर पल्लवीनं, दिवा लावायचा तर जावेनं. मी आपलं वय, पाळी जाण्याचे दिवस, वगैरे कारणं मनाशी लावून मोकळी झाले होते.

तर त्या दिवशी दुपारी आम्ही सहा-सात जणी ओसरीवर हळद निवडत बसलो होतो. मावशी उजव्या हाताला नेहमी फडकं बांधायची, हळदीनं खाज सुटते म्हणायची. पाण्याची कळशी उतरवताना फडकं भिजलं, तिनं ते सोडून वाळत टाकलं आणि नकळत तशीच निवडायला बसली. अर्ध्या तासानं माझं लक्ष गेलं. तिचा डावा हात मनगटापर्यंत पिवळाजर्द. उजव्या हाताची बोटं, मागची बाजू, तीही पिवळी. पण उजवा तळहात... आत्ताच साबणानं धुतल्यासारखा स्वच्छ.

मी म्हणाले, "मावशी, तळहाताला तेल लावलंस काय गं?"

तिनं पटकन मूठ मिटली. "न्हाई. राहू दे ना. तू तुझी निवड."

केमिस्ट्रीच्या बाईला "राहू दे" म्हणायचं नसतं. संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. दोन्ही हात साबणानं धुतले, माझ्या पर्समधल्या सॅनिटायझरनं पुसले, वाळवले. मग ओली हळद दोन्ही तळहातांवर सारखीच थापली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसवली. धुतल्यावर डावा हात पिवळा, उजवा कोरा. डाव्यावर चुना लावला, तो लाल झाला. हळदीवर चुना पडला की लाल होणारच, कुंकू तसंच करतात. उजव्यावर चुना पांढराच राहिला. म्हणजे दिसत नाही असं नव्हे, तिथं हळद नव्हतीच. दुसऱ्या दिवशी पल्लवीकडून तेच करून घेतलं, मी लांब बसून. हळद बदलून पाहिली, पाणी गरम करून पाहिलं. निकाल तोच. एकाच बाईचे दोन हात, म्हणजे तुलना करायलाही अडचण नाही. असा प्रयोग मी मुलांना मुद्दाम मांडून दिला असता तरी इतका नीट मांडता आला नसता, आणि खरं सांगते, मला भारी उत्सुकता वाटत होती. मावशीचा चेहरा मी पाहिलाच नाही.

तिसऱ्या दिवशी तिला हिंगोलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. "तळहाताची कातडी जाड असते, घाम कमी येत असेल... असेल काहीतरी," म्हणाले. "असेल काहीतरी" हे निदान मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. क्रीम दिलं. ते मात्र तळहातात व्यवस्थित मुरलं.

खरा पेच त्याच रात्री जेवताना समोर आला. लग्नाच्या कामांच्या यादीत लिहिलं होतं: नवरीला हळद लावणाऱ्या सुवासिनी, आणि त्यांत मावशीचंच नाव नव्हतं. पल्लवीनं विचारलं तर मावशी म्हणाली, "काकू लावंल. मी मागून वाढायचं बघते."

पल्लवीनं ताट सरकवलं. "आई, तू हळद लावणार नसशील तर मला हळदच लावायची न्हाई. तसंच उभं करा मला मांडवात."

"असं बोलू न्हाई, लेकरा. माझ्या हातानं तुझं वाईट व्हायचं."

सकाळी मावशी गोठ्यामागं एकटी दिसली तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले, आणि यावेळी काही तपासायला नाही. तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली.

"पल्ली सातवीत होती तवा आपली हळद भिजली होती, आठवती का तुला? मळ्यात वाळाय घातलेली. त्या दिवशी तिथं मी आन् शमीम, दोघीच होतो."

शमीमबी ही गावातली विधवा बाई. दहा बायांची टोळी घेऊन हळदीची कामं करायची. काढणी, शिजवणी, निवड... पुसेगावात तिच्या शब्दावर लोक शेत सोपवून जात. मला ती आठवत होती, कारण लहानपणी तिनं मला कच्च्या हळदीचं लोणचं खाऊ घातलं होतं.

"आभाळ आलं होतं. तिच्या मायला ताप होता, म्हणून मीच तिला म्हणले, जा तू घरी, मी हाये इथं. ती गेली. मग जावेचा फोन आला, साडीवाला आलाय म्हणून. म्हणले, अर्ध्या घंट्यात पाहून येते. तितक्यात अवकाळी आला. ताडपत्र्या तशाच घडी घातलेल्या. सगळी हळद काळी पडली."

"मग?"

"मग भ्यायले. म्हणले, मी शमीमला ताडपत्र्या टाकाय सांगून गेले होते. ती म्हणली, अक्कानंच मला घरी धाडलं. कोण खरं, कोण खोटं? मोठे दीर म्हणले, वाद नको, बेल-भंडारा उचल."

जिथं ही चाल नाही तिथल्या वाचकांसाठी सांगते. खंडोबाच्या देवळात बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, उजव्या तळहातावर घेऊन शपथ घ्यायची. त्यानंतर त्या माणसावर कुणी शंका घेत नाही. विषय तिथंच संपतो.

"मी उचलला," मावशी म्हणाली. "शमीम पायरीखाली उभी होती. तिला कुणी काही विचारलंच न्हाई. घरी येऊन हात धुतला, भंडारा पार निघून गेला. त्या दिवसापासून या तळव्याला हळद धरली न्हाई."

शमीमबीची टोळी महिनाभरात मोडली. हिच्या भरवशावर काही ठेवू नका, असं गाव बोलू लागलं, आणि ती भावाकडे हिंगोलीला निघून गेली.

मला तेव्हा रागही आला आणि मावशीची कीवही आली. पण तोंडातून बाहेर पडलं ते माझ्या सवयीचं. म्हणाले, मनावर ताण असला की शरीरात बदल होतात, घामातसुद्धा होत असतील. मावशी म्हणाली, "तू म्हण काय म्हणायचं ते. मी देवापुढं हात जोडायचंबी सोडलं. असला हात त्याच्याफुडं कसा करू?" मग जरा थांबून म्हणाली, "शमीम कुठं राहती, कुठं कामाला जाती, मला ठाव हाये. हिंगोलीला आले की रस्त्याच्या पलीकडून बघते आन् परत येते."

अकरा वर्षं ती असं बघून परत येत होती. मी तिला स्कूटीवर बसवलं.

शमीमबी बाजाराजवळच्या एका शेडमध्ये हळदीच्या पोत्यांची तोंडं शिवत होती. दाभण, सुतळी, मांडीवर पोतं. केस पांढरे झालेले. तिनं मावशीला ओळखलं, पण हात थांबवला नाही. मावशी तिच्यासमोर खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "शमीम, मी खोटं बोलले होते."

"मालूम है," शमीमबी म्हणाली, आणि टाका घालत राहिली.

मावशीनं सगळं बोलून टाकलं, साडीवाल्यासकट. तेवढ्यात दुपारची अजान झाली. शमीमबी उठली, हातपाय धुतले आणि शेडच्या कोपऱ्यात चटईवर नमाजाला उभी राहिली. आम्ही बसून राहिलो. मावशी एकटक तिच्याकडे बघत होती. मला तो वेळ फार लांब वाटला. ही बाई परत येऊन आम्हाला हाकलून देईल आणि त्यात तिचं काही चुकणार नाही, असंच माझ्या मनात चाललं होतं.

ती परत आली, पोतं मांडीवर घेतलं आणि एकदम मराठीत बोलायला लागली.

"अक्का, दोन वर्षं मी तुला रोज बद्दुआ दिली. नमाजात उभी राहिले की तूच डोळ्यापुढं. अल्लाचं नाव तोंडात आन् तू डोक्यात. मग एक दिवस वैतागून म्हणले, या बाईचं भलं कर बाबा, आन् माझ्या डोक्यातून काढ हिला. तवापासून रोज म्हणते. सवयच पडली."

मावशी रडायला लागली. शमीमबीनं विचारलं, "तू हात जोडतीस का अजून?"

"न्हाई."

"काहून?"

"कोणत्या तोंडानं जोडू?"

"अगं, तोंड साफ असल्यावर मागायची काय गरज? तू तर सगळ्यात आधी जायला पायजे होतं." मग तिनं सुतळी दातानं तोडली. "माझ्याकडून माफ आहे. पण पुसेगावात माझं नाव गेलं, ते इथं बसून परत येत न्हाई. जिथं उचललास तिथं जाऊन बोल."

लग्नाला ये म्हटल्यावर मात्र ती नाही म्हणाली. "त्या गावात मी पाय ठेवणार न्हाई," एवढंच म्हणाली.

घरी गेल्यावर काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्यानं, घर डोक्यावर घेतलं. महिन्याभरावर लग्न, पाहुण्यांच्या कानावर गेलं तर पोरीचं काय? खोटी शपथ घेणाऱ्या बाईची लेक म्हणून सोयरीक मोडली तर? त्यांचं अगदीच चूक होतं असं मला तरी म्हणता येत नाही. मावशी खाली मान घालून ऐकत होती. पल्लवीच म्हणाली, "मोडली तर मोडली, बाबा. आईला जाऊ द्या."

लग्नाआधीच्या रविवारी, दुपारच्या आरतीला, मावशी खंडोबाच्या देवळात गेली. वीस-पंचवीस माणसं होती. तिचे मोठे दीर काठी टेकून खांबाशी बसले होते. आरती संपल्यावर मावशी म्हणाली, "जरा थांबा सगळे." मग पदर सावरून बोलू लागली. "हळद भिजली त्या साली मी इथं खोटा बेल-भंडारा उचलला. शमीमला मीच घरी धाडलं होतं. चूक माझी होती. तिचं नाव मी बुडवलं." मग तिनं कुणाकडेही पाहिलं नाही. गाभाऱ्यासमोर गेली, गुडघ्यावर बसली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा हात जोडले. तिचे ओठ हलत होते. मोठे दीर उठले, काठी टेकत टेकत बाहेर गेले, आणि पायरीवर बसून डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं. शपथ त्यांनी घ्यायला लावली होती ना.

माझी अवस्था काय सांगू! गुरवानं तिच्या हातावर भंडारा ठेवला, तिनं कपाळाला लावला, आणि मी तिच्या तळहाताकडे टक लावून बसलेली. बाहेर पडल्यावर म्हणाले, "दाखव ना." तिनं हात पदरात घेतला.

"न्हाई बघायचं. लागो न्हाईतर न लागो, पल्लीला हळद मीच लावणार."

तिचा आवाज ऐकून मी चमकले. असं ठासून बोलताना मी तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

सोयरीक मोडली नाही. पाहुण्यांच्या कानावर गेलं. पल्लवीची होणारी सासू फोनवर एवढंच म्हणाली की हळदीला आम्ही जरा लवकरच येतो.

हळदीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अंगणात पाट मांडला. नवऱ्याकडची उष्टी हळद आली. मावशी नवी साडी नेसून पुढे आली, वाटीत उजवा हात घातला आणि पल्लवीच्या दोन्ही गालांना हळद लावली, हातांना लावली, पायांना लावली. मायलेकी दोघी रडत होत्या, बाया गाणी म्हणत होत्या. मग मावशी हौदावर हात धुवायला गेली, तिच्यामागे मी. तिनं साबण लावला, पाणी ओतलं आणि हात उघडला.

तळहात पिवळा होता. रेषांमध्ये गडद, मधे फिका, कुणाचाही असतो तसा. मावशीनं तो हात गालाला लावला आणि तशीच उभी राहिली. मी खिशातल्या डबीतला चुना काढला... हो, मी चुना घेऊन गेले होते, काय करणार. तिच्या तळव्यावर टिपका दिला. तो लाल झाला.

त्यानंतर मी जमेल ते सगळं तपासलं. पुस्तकं चाळली, विद्यापीठातल्या माझ्या जुन्या सरांना विचारलं. त्यांनी घाम, कातडीवरचा मेद, औषधं अशी यादी दिली. त्यातल्या प्रत्येक कारणाला माझ्याकडे एकच प्रश्न होता: मग डावा हात? सर म्हणाले, "फोटो पाठव." फोटो पाठवले. उत्तर अजून यायचं आहे.

एक शंका म्हणून शमीमबीलाही फोन केला. म्हटलं, तुम्ही त्या दोन वर्षांत मावशीच्या हाताला काही बोलला होता का? ती फोनवर खळखळून हसली. "हाताला? नै गे बाई. मी तर तिची जीभ झडो म्हणत होते. ती तर चांगली शाबूत हाये!" मग हसणं थांबवून विचारलं, "पोरीला हळद लावली का तिनं?" लावली म्हटल्यावर म्हणाली, "बरं झालं." आता दोघी आठवड्यातून एकदा फोनवर बोलतात. पुसेगावहून दोन-तीन घरांनी तिला टोळी घेऊन ये म्हणून निरोप धाडलेत. अजून ती गेलेली नाही.

मावशीला मी विचारलं होतं, देवळात काय मागितलंस? हाताचं मागितलंस का? म्हणाली, "हाताचं सुचलंबी न्हाई. म्हणले, देवा, मी अशी हाये. आता तूच बघ."

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, मी मनापासून वाचेन, चुकाही काढेन.

फक्त एक गोष्ट नवऱ्यालाही सांगितलेली नाही, ती इथे लिहिते. त्या दिवशी हौदावरून परत आलो तेव्हा मावशीनं हाक मारली, "ये, तूबी लाव पल्लीला." मी वाटीपाशी गेले आणि माझा हात आत जाईना. सात वर्षांपूर्वी एका परीक्षेत मी एका मुलीवर कॉपीचा ठपका ठेवला होता. चिठ्ठी तिची नव्हती, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसले होते. तिचं ते वर्ष वाया गेलं. बाया माझ्याकडे बघत होत्या, पल्लवी गाल पुढे करून बसली होती. हे लिहितानाही लाज वाटते, पण भर अंगणात, मनातल्या मनात, मी "देवा" म्हणाले. मग हात घातला. हळद लागली. त्या मुलीचा पत्ता मी कॉलेजच्या जुन्या रजिस्टरमधून काढून आणलाय, ती आता वसमतला असते. रविवारी जाणार आहे.